मोहख्यू आणि खोह: बटाटा काढायला पहिल्यांदा उतरताना

मेघालयातल्या खासी डोंगरात बटाटा मोहख्यूने, म्हणजे रुंद पात्याच्या खासी कुदळीने काढतात. आधी दांडा हलवून बघा. सैल असेल तर लाकडाची पाचर ठोका. नुसता पाण्यात भिजवून ठेवलात तर उन्हात वाळून पुन्हा सैल होतो.

पाला वाळल्यावर एक झाड उकरा आणि बटाट्यावर अंगठा जोरात घासा. साल सुटली तर आठ-दहा दिवस थांबा, घाई करू नका. घाव खोडाशी कधीच घालू नका! वीतभर लांब, वरंब्याच्या पायथ्याशी पातं तिरकं घुसवा आणि माती आपल्याकडे ओढा. तरी चिरला गेलाच, तर तो बटाटा वेगळा ठेवून आधी खा. एक कुजला की शेजारचेही जातात. ओल्या मातीत काढणी नकोच.

खोह ही बांबूची निमुळती पाटी पाठीवर असते आणि भार डोक्यावरच्या पट्ट्यावर, 'स्टार'वर येतो. पट्टा कपाळावर खाली सरकला की मान धरते. तो केसांच्या कडेशी बसवा. पहिल्या दिवशी अर्धीच भरा. उठताना कंबर नाही, मांड्या वापरा.

भाताला मात्र 'राशी', म्हणजे विळा लागतो.