नैरोबीचं राष्ट्रीय संग्रहालय: आधी वरचा मजला चढा

भारतातून आईवडील आले की नैरोबीतली बरीच मराठी घरं त्यांना म्युझियम हिलवर नेतात, हत्ती दाखवतात, शेजारचा स्नेक पार्क उरकतात आणि जेवायला घरी परततात. मुलांच्याही लक्षात मग तेवढंच राहतं. आमचं सांगणं आहे, क्रम उलटा करा.

शाळेच्या दिवसांत सहलीच्या बस सकाळपासूनच लागतात आणि पोरांची पहिली झुंबड खालच्या सस्तन प्राण्यांच्या दालनात उडते. तेव्हा उघडल्या उघडल्या, साडेआठच्या सुमारास पोहोचा आणि थेट वर जा. तिथलं जीवनचक्राचं दालन जन्म, तारुण्य, प्रौढपण आणि पूर्वज अशा टप्प्यांनी मांडलंय. आजी-आजोबांना इथेच बोलतं करा. केनियातल्या नामकरणाच्या रीती पाहिल्यावर आपल्याकडची पाचवी, बारसं नातवंडांना समजावून सांगायला याहून चांगली जागा नाही.

दुधाच्या भोपळ्यांपाशी घाई करू नका. केनियातले कालेंजिन लोक वाळवलेला भोपळा ठरावीक झाडाच्या जळक्या काडीनं आतून घासतात, त्यात दूध भरून काही दिवस ठेवतात. कोळशामुळे करडी झाक आलेलं ते आंबट दूध म्हणजे मुरसिक. शर्यती जिंकून परतलेल्या धावपटूंचं स्वागत त्यानंच होतं. भोपळ्याला मण्यांची सजावट असेल, चीर शिवून सांधलेली असेल, तर मुलांना जवळून बघू द्या. दुध्या भोपळा मुळातला आफ्रिकेतलाच. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळाही त्याच कुळातला, हे आजोबांनी सांगावं.

इतिहासाच्या दालनात रेल्वेची गोष्ट मोठ्या मुलांना नीट सांगा. 1896 ते 1901 या काळात युगांडा रेल्वेसाठी सुमारे 32,000 मजूर हिंदुस्थानातून आणले गेले, त्यातले जवळजवळ 2,500 काम करतानाच दगावले. मग स्वातंत्र्यलढ्याकडे वळा. नैरोबीत 1927 साली जन्मलेले गोवेकर पिओ गामा पिंटो केनियाच्या लढ्यात तुरुंगवास भोगून आले आणि 1965 मध्ये त्यांची हत्या झाली. औंध संस्थानचे अप्पा पंत 1948 पासून इथे भारताचे पहिले आयुक्त होते, आणि आफ्रिकन नेत्यांशी असलेली त्यांची जवळीक ब्रिटिशांना खुपत होती. ही नावं पाटीवर शोधत बसू नका, घरूनच वाचून जा.

खाली आलात की मानवाच्या उगमाचं दालन. इथला तुर्काना बॉय, म्हणजे एका आदिमानव मुलाचा सांगाडा, 1984 मध्ये कामोया किमेऊ यांना तुर्काना सरोवराजवळ दिसलेल्या कवटीच्या एका छोट्या तुकड्यापासून उलगडत गेला. वय सुमारे 15 लाख वर्षं. सात-आठ वर्षांखालची मुलं इथे कंटाळतात, त्यांच्यासाठी दहा मिनिटं पुरेत. हत्ती अहमद शेवटी: 1970 मध्ये राष्ट्राध्यक्ष केन्याटांनी ज्याला खास संरक्षण दिलं, तोच हा.

बहुतेकांची अडचण होते ती तिकिटाशी. नागरिक, रहिवासी आणि बाहेरून आलेले यांचे दर वेगवेगळे असतात. तुमचं एलियन कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, घरी राहिलं तर रहिवाशांचा दर मिळेलच असं नाही. पाहुण्यांना परदेशी दरच पडतो. रोख चालत नाही असं धरूनच निघा. पैसे ई-सिटिझन या सरकारी पोर्टलवरून, एम-पेसानं (मोबाइलवरून पैसे भरायची इथली सोय) किंवा कार्डानं भरायचे असतात. पाहुण्यांकडे एम-पेसा नसतं, म्हणून सगळ्यांची तिकिटं तुमच्याच फोनवरून काढा. स्नेक पार्कही करायचा असेल तर एकत्र तिकीट मागा.

आईवडिलांना उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी नेऊ नका. नैरोबी महाबळेश्वराहून उंच आहे, सुमारे 1,700 मीटरवर, आणि पहिले दोन दिवस जिने चढताना दम लागतो. जून ते ऑगस्ट सकाळी स्वेटर हवाच. डबा, पाणी कापडी पिशवीत घ्या. प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर देशात 2017 पासून बंदी आहे आणि दंड जबर आहे.

दोन-अडीच तासांत वयस्कर माणसं थकतात, तिथे थांबा. उरलेल्या उत्साहासाठी कामाच्या दिवशी मोई अव्हेन्यूवरचं राष्ट्रीय अभिलेखागार वेगळं ठेवा: गोवेकर बाप आणि मासाई आई यांचा मुलगा, केनियाचे दुसरे उपराष्ट्राध्यक्ष जोसेफ मुरुंबी यांनी जमवलेला आफ्रिकन कलेचा संग्रह तिथे आहे.