कोकणातल्या कॉलेजच्या मुलांसाठी हवामानाचा ग्रुप चालवतोय, अंदाज कुठले बघायचे आणि वादळाच्या वेळी मुलांना काय सांगायचं?

तुमचा प्रश्न वाचला. रत्नागिरी जिल्ह्यात कॉलेज, काही मुलं हॉस्टेलला, बाकीची गावागावातून एसटीने येणारी, आणि तुम्ही ग्रुपवर विंडीचे स्क्रीनशॉट टाकता, तर कुठल्या ॲपवर भरवसा ठेवायचा आणि वादळ आलंच तर काय करायचं असं विचारलंय. मी दापोलीकडे एका कॉलेजात भूगोल शिकवते, आमच्याकडेही असाच ग्रुप आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, अंदाज बांधायच्या भानगडीत तुम्ही पडू नका. अंदाज हवामान खात्याचा घ्या, मुंबईच्या प्रादेशिक केंद्राच्या साईटवर जिल्ह्याप्रमाणे रोज मिळतो, पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशाराही तिथेच येतो. तुम्ही मेहनत घ्यायची ती या अंदाजाचा आपल्या कॉलेजपुरता अर्थ काढायला. कारण इशारा येतो अख्ख्या जिल्ह्याला, आणि आपला जिल्हा मंडणगडपासून राजापूरपर्यंत दीडशे किलोमीटरहून लांब. ऑरेंज अलर्ट म्हणजे तुमच्या मुलांसाठी काय, हे मुंबईत बसून कोणी सांगू शकत नाही. कुठल्या गावच्या वाटेवरचा साकव पहिला पाण्याखाली जातो, कोणाच्या घरामागे दरड आहे, दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीने किती मुलं येतात, ती बंद झाली तर त्यांना लांबचा फेरा पडतो का, हे फक्त कॉलेजला माहीत असतं. जूनच्या आधी एकदा बसून ही यादी करा, मुलांनाच विचारा, एका दिवसाचं काम आहे.

मग निर्णयाची वेळ ठरवा. रेड अलर्ट असला की जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात, पण ते पत्र कधी रात्री उशिरा येतं, कधी सकाळी, आणि तोपर्यंत आतल्या गावातली वस्तीची गाडी पहाटेच सुटलेली असते, मुलं त्यात बसलेली असतात. म्हणून आदल्या दिवशी दुपारचा अंदाज बघून संध्याकाळी पाचच्या आत प्राचार्यांनी किंवा त्यांनी नेमलेल्या एकाच माणसाने ठरवायचं, की उद्या लांबची मुलं यायची की नाही, आलीच तर कितीच्या गाडीने परत सोडायची. हा माणूस कोण ते आधी लेखी ठरलेलं हवं, नाहीतर ऐन वेळेला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो.

आता ॲपचं. विंडी वाईट नाही, त्यात युरोपियन आणि अमेरिकन अशी दोन्ही मॉडेलं (संगणकाने काढलेले अंदाज) दिसतात, दोन-तीन दिवसांपुरती ती एकसारखं बोलत असतील तर बघायला हरकत नाही. पण दहा दिवसांनंतर अमुक तारखेला वादळ धडकणार असा लाल-जांभळा स्क्रीनशॉट फिरवणं मला अजिबात पटत नाही, पालक घाबरतात आणि चार वेळा तसं झालं नाही की पाचव्यांदा खऱ्या इशाऱ्याकडेही कोणी ढुंकून बघत नाही. रडारचंही एक लक्षात ठेवा. रत्नागिरी पणजीच्या रडारपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आणि मुंबईच्या त्याहून लांब, एवढ्या अंतरावर रडारची किरणं जमिनीपासून तीन-चार किलोमीटर वर गेलेली असतात, त्यामुळे उंच वाढलेले गडगडाटी ढग नीट दिसतात पण पावसाळ्यातले खालून येणारे ढग बरेचदा निसटतात. म्हणजे रडारवर मोकळं दिसतंय आणि बाहेर धो धो चालू आहे असं होऊ शकतं, तेव्हा खिडकीतून दिसतंय त्यावर विश्वास ठेवा.

पावसाचे आकडेही मुलांना एकदा समजावून द्या. २४ तासांत ६४.५ मिमीच्या पुढे जोरदार, ११५.६ च्या पुढे अति जोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार, मोजणी सकाळी साडेआठ ते साडेआठ. पण आपल्याकडे जुलैत १०० मिमी पडला तर कोणाला विशेष वाटत नाही, आणि खरा घोळ इथेच आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यातले १५० आणि सलग दहा दिवस झोडपल्यावरचे १५० हे सारखे नाहीत, जमीन पाणी पिऊन फुगलेली असते आणि दरड तेव्हा येते. म्हणून कॉलेजच्या गच्चीवर एक साधं पर्जन्यमापक बसवा, रोज साडेआठला आकडा वहीत लिहा आणि मागच्या आठवड्याची बेरीज ग्रुपवर टाका. पाऊस पण तुमच्याच डोक्यावर पडायला हवा असं नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा वर सह्याद्रीत प्रचंड पाऊस झाला होता, वाशिष्ठी नदी ते सगळं घेऊन खाली आली, आणि गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर असल्यामुळे भरती मोठी होती, खाडीने पाणी लवकर घेतलंच नाही. खाडीकाठच्या कॉलेजने अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या भरतीच्या वेळा पावसाच्या अंदाजाशेजारी लिहून ठेवल्याच पाहिजेत.

वादळाची सूचना म्हणून बंदरावर जो बावटा लावतात त्याबद्दल मुलं हमखास विचारतात. तीन नंबरचा बावटा लागला अशी बातमी आली की लगेच वादळ आलं अशी बोंब होते. १ आणि २ नंबर म्हणजे वादळ लांब समुद्रात, ३ आणि ४ म्हणजे त्या बंदराला सावधगिरी, ५ पासून १० धोक्याचे, आणि ११ म्हणजे वेधशाळेशी संपर्कच तुटलाय. हे सगळं बोटींसाठी आहे. कॉलेजने त्यावरून एवढंच घ्यायचं की आज समुद्रावर फिरायला, पोहायला, रील काढायला कोणी जायचं नाही.

चक्रीवादळाचा इशारा टप्प्याटप्प्याने येतो, साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सतर्कता, २४ तास आधी प्रत्यक्ष इशारा. तरी २४ तास आधीच्या मार्गातसुद्धा सरासरी ७०-८० किलोमीटरचा फरक पडू शकतो, म्हणजे जवळपास रत्नागिरी ते दापोली. म्हणून नकाशावरच्या मधल्या रेघेकडे बघत बसू नका, भोवतीचा जो पसरट पट्टा असतो त्यात आपण आहोत का ते बघा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी टीव्हीवर सगळं मुंबई-मुंबई चालू होतं, वादळ शिरलं रायगडात अलिबागच्या दक्षिणेला, वारा ताशी १००-११० आणि झोत १२० पर्यंत, आणि आमची दापोली, मंडणगड त्याच्या उजव्या अंगाला. वादळ ज्या दिशेने चाललंय तिकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला वारा जास्त असतो, कारण फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग तिथे एकत्र होतात. शिवाय त्या बाजूचा वारा समुद्राकडून जमिनीवर येतो. अरबी समुद्रातून ईशान्येकडे येणाऱ्या वादळाची उजवी बाजू म्हणजे आग्नेय, किनाऱ्यावर बघितलं तर दक्षिणेकडचा भाग. तेव्हा "ते वर अलिबागला जातंय, आपल्याला काही नाही" असं म्हणणाऱ्याला हे समजावून सांगा. पोफळी आणि माड आडवे झाले, घरांची कौलं-पत्रे गेले, आमच्याकडे लाईट यायला कित्येक आठवडे लागले.

इमारतीत मला सगळ्यात भीती वाटते पत्र्याची. सायकल स्टँड, कँटीन, हॉस्टेलच्या गच्चीवरची शेड, हे पत्रे ज्या हुकांनी धरलेले असतात ते खाऱ्या हवेने गंजतात, वरून रंग लावलेला असतो म्हणून कळत नाही, पण हाताने हूक हलवून बघितला तर वॉशरखाली चुरा होऊन पडतो. मे महिन्यात एक माणूस शिडीवर चढवून प्रत्येक हूक तपासून घ्या. पत्र्यावर नुसते चिरे ठेवून भागवू नका, पत्रा उचलला गेला की ते चिरे खाली माणसांवर येतात. गच्चीवरची रिकामी टाकी, सोलरची पॅनेल, नोटीस बोर्ड, सगळं बांधा नाहीतर आत घ्या. वादळाच्या वेळी मुलं तळमजल्यावरच्या पक्क्या स्लॅबखाली, काचांपासून लांब (समुद्राला किंवा खाडीला लागून असाल तर तिथे नाही, आदल्या दिवशीच उंचावरच्या पक्क्या इमारतीत). आणि मध्येच वारा एकदम पडला तर बाहेर धावायचं नाही, वादळाचा डोळा डोक्यावर असू शकतो आणि मग वारा उलट्या दिशेने येतो.

पण खरं सांगू का, मुलांना दर वर्षी गाठणारा धोका विजेचा आहे, आणि त्याबद्दल आपण सगळ्यात कमी बोलतो. भर जुलैत वीज फारशी नसते, ती असते मे अखेरच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात, दुपारनंतर, म्हणजे नेमकं ग्राउंडवर मॅच चालू असताना. आपली कितीतरी कॉलेजं सड्यावर आहेत, उघडा कातळ, आसपास झाड नाही, तिथे बॅट घेऊन उभा असलेला मुलगा हाच सगळ्यात उंच. दामिनी ॲप पुण्याच्या आयआयटीएमने (उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने) केलंय, २० आणि ४० किलोमीटरमध्ये वीज पडतेय का ते दाखवतं, खेळाच्या सरांच्या फोनमध्ये ते हवंच. ॲप नसेल तर चमकल्यापासून गडगडेपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदाला एक किलोमीटर, ३० सेकंदांच्या आत आवाज आला की खेळ बंद, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास मैदानात पाय ठेवायचा नाही. आंब्याखाली नाही, उघड्या पत्र्याच्या स्टँडखालीही नाही, पक्क्या इमारतीत नाहीतर काचा बंद केलेल्या गाडीत. चार्जिंगला न लावलेला मोबाईल हातात असला तर काही होत नाही, पण चार्जिंगला लावून बोलायचं नाही, आंघोळ नाही. कोणाला वीज लागलीच तर त्याला हात लावायला घाबरू नका, अंगात करंट राहत नाही, श्वास बंद असेल तर लगेच सीपीआर (छाती दाबून द्यायचा प्रथमोपचार) चालू करा आणि १०८ ला फोन. एनएसएसच्या दहा-बारा मुलांना सीपीआर शिकवून ठेवलं तरी खूप झालं.

ग्रुपवर मेसेज टाकताना त्यात इशारा कधी निघाला, कितीपर्यंत लागू आणि आपण काय करतोय एवढं असू दे. "हवामान खाते, आज दुपारी १ चा अंदाज, उद्या दिवसभर ऑरेंज. फेरीबोटीने येणाऱ्यांनी उद्या येऊ नये, त्यांची हजेरी धरली जाईल." तारीख-वेळ नसलेला फॉरवर्ड लगेच डिलीट करा, मागच्या वर्षीचे इशारे दर पावसाळ्यात परत फिरतात. हजेरीचं वाक्य मुद्दाम घालायला सांगतेय, मुलं पाण्यातून येतात ती बरेचदा हजेरीसाठीच.

आणि मोठं वादळ झालं की टॉवर बंद, लाईट नाही, तुमचा ग्रुप उघडणारच नाही. हॉस्टेलच्या प्रत्येक मुलाचं नाव, गाव, घरचा नंबर आणि शेजाऱ्याचा एक नंबर कागदावर लिहून रेक्टरकडे ठेवा, सेलवरचा रेडिओ ठेवा, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ भिंतीवर लिहा. वारा थांबल्यावर मुलांना लगेच घरी सोडू नका. रस्त्यावर पडलेल्या फांद्यांत तारा अडकलेल्या असतात, कोणी जनरेटर चालू केला तर बंद लाईनमध्येही करंट येऊ शकतो. आधी दोन मोठी माणसं रस्ता बघून येऊ देत, मग गावाप्रमाणे गट करून सोडा, आणि पोचलेल्याने त्या गावच्या पोलीस पाटलांकडे नाव सांगायचं, म्हणजे फोन चालू होईपर्यंत तेवढा तरी निरोप मिळतो.