जन्मठेप झाली; अपील कुठे, कधी, कशावर?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला नाशिकच्या सत्र न्यायालयाने खून (कलम 302) आणि घराला आग लावणे (कलम 436) यात जन्मठेप दिली. घटना 2021 ची. चुलते भाजले आणि चार दिवसांनी दवाखान्यात वारले. भाऊ नाशिकरोड कारागृहात आहे. कुणी औरंगाबादला जा म्हणतं, कुणी मुंबईला. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, निफाड

उत्तर : ताई, मुंबईलाच. जळगाव, धुळे औरंगाबाद खंडपीठाकडे, पण नाशिक मुंबईच्या मुख्य पीठाकडे. जन्मठेपेचं अपील तिथे दोन न्यायमूर्तींपुढे चालतं. मुदत शिक्षेच्या तारखेपासून 60 दिवस; फाशी असती तर 30.

निकालाची एक प्रत आरोपीला फुकट मिळते. ती भावाकडे आहे का, ते कारागृहातल्या मुलाखतीत आधी विचारा. नसेल तर नक्कल विभागात आजच अर्ज टाका. प्रमाणित प्रतीवर अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी, अशा तारखा असतात. अर्ज ते तयार होणं, एवढेच दिवस मुदतीतून वगळतात. तयार पडलेली नक्कल पंधरा दिवसांनी उचललीत तर ते पंधरा दिवस तुमचे गेले. उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज असतो, पण तिथे उशिराचं कारण पटवून द्यावं लागतं.

अपील म्हणजे नवा खटला नव्हे. साक्षीदार पुन्हा उभे राहत नाहीत, अतिरिक्त पुरावा अपवाद म्हणूनच घेतात. म्हणून खालच्या कोर्टातल्या वकिलांकडून साक्षी, उलटतपास, निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडलेले सगळे कागद आणि भावाचा कलम 313 चा जबाब (न्यायाधीशांच्या प्रश्नांना त्याने दिलेली उत्तरं) मागून घ्या. नुसतं निकालपत्र घेऊन मुंबईला गेलात तर अर्धं काम राहून जातं.

आगीच्या खटल्यात आम्ही वकील आधी मृत्यूपूर्व जबाब वाचतो. चार दिवसांत एकाहून जास्त जबाब झाले असतील (पोलिसांचा, नायब तहसीलदारांचा, दवाखान्याच्या केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलेली हकीकत), तर ते शेजारी ठेवा. आग कुणी लावली, कशाने लावली, कोण हजर होतं, यात फरक आहे का? जबाबाची वेळ आणि केसपेपरवरची गुंगीच्या औषधाची वेळ जुळवा. मात्र ‘रुग्ण शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा शेरा नाही, म्हणून जबाब बाद’ एवढ्यावर विसंबू नका. शुद्धीची खात्री इतर पुराव्याने पटत असेल तर शेरा नसला तरी चालतो, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2002 मध्ये लक्ष्मण खटल्यात ठरवलं आहे.

दुसरा कागद कपड्यांवरच्या रॉकेलच्या तपासणीचा. जप्त कपडे हवाबंद डब्यात न ठेवता साध्या पिशवीत ठेवले तर रॉकेल उडून जातं, म्हणून जप्ती पंचनामा, सील आणि प्रयोगशाळेत पोचल्याची तारीख ओळीने तपासा. अहवालात रॉकेल सापडलं तरी प्रश्न संपत नाही: भाऊ आग विझवायला धावला असेल, तर त्यामुळेही रॉकेल कपड्यांवर येऊ शकतं. पण ही बाजू त्याने खटल्यातच मांडलेली हवी. अपिलात ती पहिल्यांदा काढली तर फारसं कुणी ऐकत नाही.

तिसरं, कलम 436. त्याला राहतं घर, प्रार्थनास्थळ किंवा माल ठेवायची इमारत नष्ट करण्याचा हेतू, किंवा तसं होण्याची शक्यता आहे याची जाणीव लागते. आग घराला नसून कांद्याच्या चाळीला असेल, तर ती त्यात बसते का, यावर वाद घालता येतो. पण ही लढाई दुय्यम. 302 टिकलं तर 436 सुटूनही जन्मठेप राहतेच.

अपिलासोबतच शिक्षा स्थगिती आणि जामिनाचा अर्ज द्या (आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 430, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 389). जन्मठेपेत सरकारी वकिलांना लेखी हरकतीची संधी देणं बंधनकारक आहे, त्यामुळे लगेच आदेशाची आशा धरू नका. खटल्यात जामिनावर होता, एवढ्याने भागत नाही. निकालातली चूक वरवर पाहता दिसली पाहिजे. अर्ज फेटाळला आणि अपील वर्षानुवर्षं पडून राहिलं, तर त्या कारणावर पुन्हा अर्ज करता येतो.

प्रश्न : वकिलाला पैसे नाहीत. तुरुंगातूनच अपील होतं का?

उत्तर : होतं. कारागृह अधीक्षकांमार्फत अर्ज जातो. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. नाशिक जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात चौकशी करा. खटल्याचे कागद त्या वकिलापर्यंत पोचले का, हे मात्र घरच्यांनी पाहावं.

प्रश्न : तारखेला वकील गैरहजर राहिले तर अपील फेटाळतात?

उत्तर : केवळ गैरहजेरीवरून नाही. न्यायालयाला दप्तर पाहून गुणदोषांवरच निर्णय द्यावा लागतो (सर्वोच्च न्यायालय, बानी सिंग खटला, 1996). तरी वकील नसताना लागलेला निकाल तुमच्या बाजूचा नसण्याचीच शक्यता जास्त.