खेड्यातल्या लॉ स्टुडंटनं उन्हाळ्याच्या सुट्टीत इंटर्नशिप कुठं करावी?

भाऊ, तू लिहिलं की गाव आर्णीकडचं, तीन वर्षांच्या एलएलबीचं दुसरं वर्ष, मुंबई-पुण्याच्या फर्मांना मेल टाकून टाकून थकला अन् एकाचाही रिप्लाय नाही, तर आता सुट्टी वाया जाणार का? मी तालुका कोर्टात वकिली करते, सुट्टीत पोरंपोरी ऑफिसला येत असतात, म्हणून सांगते, अजिबात नाही जाणार.

मोठ्या फर्मा बरीचशी पोरं नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांमधूनच घेतात, अन् सुट्टीतलं काम पाहूनच पुढं नोकरीची ऑफर देतात. मेल टाकत राहा, पण त्याच्या भरवशावर बसू नको. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांत मिळून किमान १२ आठवडे इंटर्नशिप लागते, एका वर्षात सलग ४ आठवड्यांच्या वर नाही, अन् त्यात ट्रायल अन् अपिलाचं काम करणाऱ्या वकिलांकडं एकदा तरी जावंच लागतं. मग तालुका कोर्टच आधी धर ना.

एवढंच की मे महिन्यात दिवाणी कोर्टाला सुट्टी असते, रिमांड-जामीन तेवढं चालू राहतं, त्यामुळे परीक्षेतून वेळ निघाला तर सुट्टीआधीचे काही दिवस कोर्टात बस. सुट्टीत ऑफिसमध्ये धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादाची एक फाइल माग अन् ती पूर्ण वाच. दावा, सातबारा, मोजणीची क प्रत (मोजणीचा नकाशा), निशाणी ५ चा मनाई अर्ज (निकाल लागेपर्यंत समोरच्याला रोखायचा अर्ज), त्यावर समोरच्याचं म्हणणं, अन् मग रोजनामा, म्हणजे तारखेगणिक कोर्टाची नोंद, कोणत्या तारखेला कोण गैरहजर, केस नेमकी कुठं अडकली ते त्यातच दिसते. मग तसाच मनाई अर्ज स्वतः लिहून सिनियरला दाखव, ते लाल पेनानं अर्धा खोडतील, तो कागद जपून ठेव. आमच्याकडं आलेल्या एका पोरीनं फेरफार अन् सातबाऱ्यातला गट नंबरचा फरक पकडला होता, दाव्यात दुरुस्तीच करावी लागली. असं काम केलेल्या पोराला सिनियर स्वतःहून बोलावते, आपल्याकडं ज्युनिअरची भरती अशीच होते!

पुढच्या सुट्टीत नागपूर खंडपीठात अपिलं चालवणाऱ्या वकिलाकडं जा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातही अर्ज टाक, तिथल्या लोकअभिरक्षक कार्यालयात (गरीब आरोपींना मोफत वकील देणारं) पुढं वकील झाल्यावर सहायकाच्या जागेला ० ते ३ वर्षं प्रॅक्टिसवाले चालतात अन् महिन्याला ठरलेलं मानधन असतं, खेड्यातल्या पोरांना याचा पत्ताच नसतो. जज व्हायचं मनात असेल तर मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं आता आधी ३ वर्षं प्रॅक्टिस लागते, म्हणजे कोर्टात उभं राहणं आलंच.

स्टायपेंड बहुतेक ठिकाणी मिळत नाही, पण एसटीचं भाडं तरी मिळेल का हे पहिल्याच दिवशी विचार, त्यात लाजायचं काही नाही. अन् सर्टिफिकेट लेटरहेडवर, तारखा अन् वकिलाच्या सनद (वकिलीचा परवाना) नंबरासकट, शेवटच्याच दिवशी हातात घे, नंतर कॉलेज अडवते.