समुद्रकाठची बंद पडलेली जुनी रेल्वे लाईन शोधायची, तर कोल्हापूरकराने सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा आहे: वाफेच्या इंजिनाच्या काळातली, आता बंद पडलेली समुद्रकाठची एखादी रेल्वे लाईन स्वतः चालून बघायची आहे, तिचा नीट अभ्यासही करायचा आहे, राहायला कोल्हापुरात, रेल्वेत कुणाची ओळख नाही, तर कुठली लाईन घेऊ आणि सुरुवात कुठून करू?

लाईन धनुष्कोडीची घ्या. पांबनहून निघून रामेश्वर बेटाच्या पार टोकाला, बोटीच्या धक्क्यापर्यंत जाणारी मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेली लाईन. आपल्या कोकणात शोधू नका. कोकण रेल्वे सलग सुरू झाली तीच १९९८ मध्ये, तोवर वाफेचा जमाना सरला होता. आणि सुरुवात रामेश्वरहून करू नका, आपल्या घरातून करा. मी गेली सहा वर्षं या एका लाईनीच्या मागे आहे, दोनदा तिकडे जाऊन आलोय, आणि मला मिळालेला सगळ्यात मोलाचा पुरावा हातकणंगल्यात, माझ्या थोरल्या आत्तीच्या सोप्यात मिळाला.

आत्ती १९६१ साली दहा वर्षांची असताना आजी-आजोबांबरोबर रामेश्वरला गेली होती. काशी-रामेश्वर हे आपल्याकडचं जुनं वेड. काशीची गंगा रामेश्वरला घालायची आणि सेतूची वाळू परत काशीला न्यायची. संत एकनाथांनी तहानेल्या गाढवाला पाजली ती कावडीतली गंगा याच वाटेवरची. रामेश्वरचं दर्शन झालं की यात्रेकरू सेतुस्नानाला धनुष्कोडीला जायचे आणि १९६४ पर्यंत ते आगगाडीने जायचे. आत्ती सांगते, "गाडी सावकाश चालायची. खिडकीतनं बघितलं की दोन्ही अंगाला नुसतं पाणी. आजीनं डोळं मिट म्हणून सांगितलं हुतं, मी न्हाई मिटलं. वाऱ्यानं वाळू आत यायची, कोळसाबी यायचा. उतरल्यावर पाय भाजलं." एवढंच. पण गाडीच्या खिडकीतून दोन्हीकडे पाणी दिसलं, हे वाक्य नकाशावर ठेवून बघा. पांबनच्या पुलावर ते दिसणारच. पण आत्ती हे धनुष्कोडीला जातानाचं सांगते, म्हणजे शेवटच्या चिंचोळ्या पट्टीवर रूळ कुठे होते याचा तो अंदाज आहे. तिथे एका हाताला पाल्कची सामुद्रधुनी आणि दुसऱ्या हाताला मन्नारचं आखात. असा साक्षीदार आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहे. म्हणून म्हणतो, आधी घरातल्या माणसांकडे बसा. कागद दहा वर्षांनीही सापडेल.

कोल्हापूरकराला ही लाईन परकी नाही, याचं आणखी एक कारण आहे, आणि ते कळलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. आपली कोल्हापूर–मिरज लाईन संस्थानच्या पैशातून झाली. १८८८ मध्ये पायाभरणी, १८९१ मध्ये गाडी सुरू. तीही मीटरगेज होती. मिरजेहून लोंढा, हुबळी, गुंटकल मीटरगेज. पुढे धर्मावरम, पाकाला, काटपाडी, विलुपुरम, तिरुचिरापल्ली, मानामदुराई, सगळं मीटरगेज. म्हणजे कोल्हापूरच्या यार्डातला मालडबा गेज न बदलता थेट धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत जाऊ शकत होता. हातात पेन्सिल घेऊन जुन्या नकाशावर ही रेघ एकदा ओढून बघा. शिवाय मिरजेवरून जाणारी मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे आणि धनुष्कोडीची साउथ इंडियन रेल्वे या दोन्ही कंपन्या १४ एप्रिल १९५१ रोजी एकाच सदर्न रेल्वेत विलीन झाल्या. त्यामुळे पन्नासच्या दशकातलं सदर्न रेल्वेचं जुनं टाइमटेबल रद्दीत कुठे मिळालं, तर सोडू नका. मिरज आणि धनुष्कोडी दोन्ही त्याच पुस्तकात सापडतील. माझ्याकडची प्रत मिरजेतल्या एका निवृत्त गार्डच्या मुलाने दिली, पाठपान नसलेली.

आता लाईनीबद्दल. पांबनचा पूल २४ फेब्रुवारी १९१४ रोजी सुरू झाला. लांबी दोन किलोमीटरहून थोडी जास्त, १४५ गाळे, म्हणजे खांबांमधले टप्पे, आणि मधे जहाजांना वाट देण्यासाठी दोन पात्यांचा, शेर्झर पद्धतीचा उघडणारा गाळा. ती पाती माणसं हाताने दांडे फिरवून उचलत. त्याआधी सिलोनला जायचं तर तुतिकोरिनहून लांबची बोट धरावी लागे. पूल झाल्यावर मद्रासच्या एग्मोर स्टेशनवर बसलेला माणूस धनुष्कोडीला गाडीतून उतरून धक्क्यावरच बोटीत चढायचा, पलीकडे तलैमन्नारला उतरून पुन्हा गाडीत बसायचा आणि कोलंबो गाठायचा. सगळं एकाच तिकिटावर. म्हणून त्या गाडीचं नाव बोट मेल. चेन्नई–रामेश्वरम् गाडीला लोक आजही त्याच नावाने ओळखतात, बोट नसली तरी. सिलोनच्या मळ्यांवर जाणारे तमिळ मजूरही याच वाटेने गेले. पुलाच्या अलीकडे मंडपम् कॅम्प आहे, तिथे त्यांना आधी ठेवून घेऊन आरोग्यतपासणी होई. तेव्हा ही फक्त यात्रेकरूंची लाईन होती असं समजून अभ्यासाला बसू नका, मी पहिली दोन वर्षं तसंच समजत होतो.

अब्दुल कलाम यांच्या लहानपणातली एक गोष्ट या लाईनीच्या अभ्यासात फार उपयोगी पडते. महायुद्धाच्या काळात रामेश्वरमला गाडी थांबणं बंद झालं, तेव्हा वर्तमानपत्रांचे गठ्ठे रामेश्वरम् आणि धनुष्कोडीच्या दरम्यान रामेश्वरम् रोडवर चालत्या गाडीतून फेकले जात आणि ते गोळा करायचं काम छोट्या कलामांकडे होतं. चालत्या गाडीतून गठ्ठा फेकता येतो, मुलगा तो उचलून गावात पळत जातो, म्हणजे रूळ गावाच्या किती जवळून जात असतील याचा अदमास घेता येतो.

मग २२ डिसेंबर १९६४. त्या रात्री ६५३ नंबरची पांबन–धनुष्कोडी पॅसेंजर निघाली. धनुष्कोडी अगदी जवळ आलं असताना सिग्नल मिळेना म्हणून ती थांबली, आणि वादळात उसळलेल्या समुद्राने अख्खी गाडी ओढून नेली. नोंद आहे ती ११० प्रवासी आणि ५ रेल्वे कर्मचाऱ्यांची. तिकिटाशिवाय बसलेले यात मोजलेले नाहीत, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी वेगळे, मोठे आकडे दिसतात. दोन आकडे दिसले की त्यातला एक खोटा असं मानू नका, कोणी काय मोजलं ते बघा. पांबनच्या पुलाचे १२६ गर्डर, म्हणजे लोखंडी तुळया, वाहून गेले. उघडणारा गाळा मात्र उभा राहिला. दुरुस्तीचं काम बत्तीस वर्षांच्या ई. श्रीधरन यांच्याकडे आलं, तेच पुढे आपली कोकण रेल्वे उभारणारे. सहा महिन्यांची मुदत, वरिष्ठांनी ती तीनवर आणली, आणि समुद्रातले गर्डर शोधून वर काढून त्यांनी पूल ४६ दिवसांत चालू केला. पांबन–धनुष्कोडी लाईन मात्र पुन्हा घातली गेली नाही. गाव राहण्यास अयोग्य ठरवलं गेलं आणि रामेश्वरम् हेच शेवटचं स्टेशन झालं. रामेश्वरम्–धनुष्कोडी नव्या लाईनीची पायाभरणी २०१९ मध्ये झाली, पण रूळ पडलेले नाहीत.

प्रत्यक्ष चालायचं कसं? रूळ शोधू नका, खडी शोधा. रूळ आणि स्लीपर पाण्याने गेले नाहीत ते भंगारात गेले, खडी मात्र कुणी उचलून नेत नाही. बेट सगळं वाळूचं आणि प्रवाळाचं. तिथे फोडलेला काळा-करडा दगड पायाखाली आला, तर तो मुख्य भूमीवरून आणलेला आहे हे नक्की. असा एक दगड दिसला की तिथेच थांबायचं आणि पुढचा सापडेपर्यंत हलायचं नाही. वेड्या बाभळीच्या जाळीत, ताडांच्या रांगेत मला अशी खडीची रेघ तुटक तुटक मिळत गेली. दुसरी खूण भरावाची. वाळूच्या टेकड्या वर-खाली जातात, रेल्वेचा भराव एका पातळीत चालतो आणि वळला तरी लांबच लांब, हळू वळतो. उन्हं कलती असताना सावलीमुळे हा भराव चांगला दिसतो, दुपारी बारा वाजता काहीच दिसत नाही.

माझी मोठी चूक नकाशात झाली. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अमेरिकन लष्कराचे १९५० च्या दशकातले भारताचे नकाशे स्कॅन करून सगळ्यांना खुले ठेवले आहेत, त्यांवर वादळाआधीची लाईन दिसते. मी तो नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर किनारा किनाऱ्याला जुळवून ठेवला आणि लाईन भलतीकडेच जायला लागली. नकाशाच चुकीचा म्हणून मी एक अख्खा दिवस घालवला. चुकीचा किनारा होता. तिथली वाळू दरवर्षी हलते, शिवाय भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अभ्यासानुसार धनुष्कोडीचा दक्षिणेकडचा भाग १९४८-४९ मध्येच काही मीटर खचला होता. न हलणाऱ्या खुणा धरा: रामनाथस्वामी मंदिर, पांबन पुलाचे खांब, आणि वादळातून वाचलेलं कोदंडरामस्वामी मंदिर. या तिघांवर नकाशा बसवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तासाभरात खडी सापडली.

धनुष्कोडीत चर्च, पाण्याची टाकी, स्टेशनचे अवशेष उभे आहेत. चर्च प्रवाळाच्या दगडाचं आहे. त्याचा एकही तुकडा उचलू नका, प्रवाळ नेणं गुन्हा आहे, आणि तो आख्खा परिसर शेकडो माणसं गेली ती जागा आहे. फोटो काढताना आवाज कमी ठेवा. 'भुताचं गाव' हा शब्द तिथल्या कोळ्यांसमोर काढू नका. ती माणसं तिथे झोपड्यांत राहतात, जाळी विणतात, आणि त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना सगळं आठवतं. मला तमिळ येत नाही. रामेश्वरमच्या एका रिक्षावाल्या अण्णांना दिवसभर बरोबर घेतलं. 'अरुबत्ति नालु पुयल', म्हणजे चौसष्टचं वादळ, एवढे तीन शब्द म्हटले की समोरचा माणूस जाळं खाली ठेवून बोलायला लागतो.

२०१७ पासून अगदी टोकापर्यंत, अरिचलमुनैपर्यंत, डांबरी रस्ता आहे. अंधार पडायच्या आधी पोलीस सगळ्यांना परत पाठवतात, म्हणून पहाटे निघा. ऑक्टोबर ते डिसेंबर टाळा, तिकडचा पावसाळा तेव्हा असतो. २०२५ मध्ये तिथे रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य जाहीर झालंय, तेव्हा पाणथळ भागात शिरण्याआधी वनखात्याला विचारा. पांबनचा नवा, वर उचलला जाणारा पूल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला. जुन्यावरून डिसेंबर २०२२ पासून गाड्या बंद आहेत, तो बघायचा तर उशीर करू नका. जायला मिरजेहून राणी चन्नम्मा धरून बंगळूर, तिथून मदुराई, मग रामेश्वरम्.

कागदपत्रांसाठी एग्मोरला तमिळनाडूचं पुराभिलेखागार आहे आणि तिरुचिरापल्लीला रेल्वे संग्रहालय. साउथ इंडियन रेल्वेचं मुख्यालय तिरुचिरापल्लीलाच होतं. पण त्याआधी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आपल्या संस्थानच्या रेल्वेचे कागद मागवून वाचा. जुन्या रेल्वेच्या पत्रव्यवहाराची भाषा, मैल-साखळ्यांची मोजमापं, भरावाचे हिशेब, हे सगळं तिथे डोळ्याखालून गेलं की तमिळनाडूत गेल्यावर वेळ वाया जात नाही. करवीर नगर वाचन मंदिरातही मी बरेच दिवस बसलो, जुनी प्रवासवर्णनं आणि गॅझेटियर वाचत.

मला अजून एक गोष्ट जुळवायची आहे. आत्ती म्हणते, गाडी थांबली तिथून समुद्र दहा पावलांवर होता. माझ्या नकाशावर स्टेशन आणि पाणी यांत बरंच अंतर येतं. ती धक्क्यापर्यंत गेली होती की स्टेशनवरच उतरली होती, हे तिच्या एकटीच्या आठवणीवरून ठरत नाही. तुमच्या ओळखीत, कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, गडहिंग्लज, कुठेही, १९६४ च्या आधी रामेश्वरला जाऊन आलेलं कुणी असेल तर मला कळवा. मी येतो. सकाळची वेळ दिलीत तर बरं, वयस्कर माणसं सकाळी जास्त बोलतात.