आजींना विचारलंस का?

पत्राखाली वय बत्तीस लिहिलंयस, माझ्या धाकट्या लेकीएवढं. म्हणून सरळ 'तू' म्हणते, राग मानू नकोस.

तू लिहितेस, "यांचा पाय मोडला तेव्हा शेजारच्या आजींनी सहा आठवडे आमच्या दोन्ही मुलांना शाळेत नेलं-आणलं. आता त्यांना घरी जेवायला बोलवायचंय. सासूबाई म्हणतात पुरणपोळीच कर, बहीण म्हणते पनीर कर, इथल्या लोकांना ते चालतं. हे म्हणतात गिफ्ट कार्ड दे आणि मोकळी हो. तुम्हीच सांगा, काय करू?"

सहा आठवडे, तेही थंडीत, दुसऱ्याच्या लेकरांची दप्तरं सांभाळत! गिफ्ट कार्डावर हे भागणार नाही असं तुला वाटलं, हे बरं वाटलं. परदेशात घरचं कोणी जवळ नसताना असं माणूस उभं राहिलं की काय वाटतं, ते आपल्यापैकी कोणाला सांगायला नको. पण बाई, सासूबाईंना विचारलंस, बहिणीला विचारलंस, नवऱ्याला विचारलंस, आता मला विचारते आहेस. आजींना विचारलंस का?

"आधी विचारलं तर मजा जाते," असं पुढे लिहिलंयस. ही मजा मी एकदा करून बसले आहे.

आमचा इथला पहिला हिवाळा. समोरच्या गृहस्थांनी आमच्या दारापुढचा बर्फ महिनाभर न सांगता उपसला. मी एका रविवारी सकाळी सातला ओट्यापाशी उभी राहिले. भरली वांगी, दाण्याची आमटी, कूट घातलेली कोशिंबीर, वर दाण्याची चटणी. पाहुण्यांनी पहिल्या घासाआधी "यात काय आहे?" विचारलं, मी कौतुकाने सांगितलं, "शेंगदाणे!" मग ते नुसता पांढरा भात लिंबू पिळून खायला लागले. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आलेल्या. त्यांना पाहुण्याचं पान असं बघवेना. "एवढंसं घ्याच" म्हणत त्या वाटी घेऊन तिसऱ्यांदा आल्या, तेव्हा पाहुण्यांनी खिशातून इंजेक्शनचं पेन काढून हळूच टेबलावर ठेवलं. शेंगदाण्याची ॲलर्जी. "तुम्ही इतकं केलंत, सांगायचा संकोच वाटला," म्हणाले. आभार आम्ही मानायचे होते आणि अवघडून बसले ते.

तेव्हापासून मी ज्याला त्याला हेच सांगते, घरचे कंटाळले तरी. शेंगदाणा निदान दिसतो. गोड्या मसाल्यातले तीळ दिसतात का? अमेरिकेत पाकीटबंद पदार्थांवर तिळाचा उल्लेख २०२३ पासून सक्तीचा झाला. ब्रिटन आणि युरोपच्या १४ ॲलर्जीकारक पदार्थांच्या यादीत तिळाबरोबर मोहरीही आहे, म्हणजे आपली फोडणीच आली की! डबीतल्या हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे ग्लूटेन न चालणाऱ्याला साधं वरणही डबी वाचल्याशिवाय वाढता येत नाही. वीगन, म्हणजे दूधदुभतंही न खाणाऱ्या माणसाला तूप चालत नाही. "वरून एकच चमचा सोडलंय" हे माझ्या आईचं लाडकं समर्थन, पण चमचा तो चमचाच. आणि तुझ्या बहिणीचं हुकमी पनीर दुधाच्या ॲलर्जीवाल्यापुढे तिथेच बाद.

तेव्हा उद्या दारात भेटल्या की उभ्याउभ्या विचार. "काय आवडतं?" असं नको, त्यावर "सगळं आवडतं" हेच उत्तर येतं. "काय चालत नाही?" असं विचार. दुसरं, "आमच्याकडे याल की डबा आणून देऊ?" हेही विचार. आजींचं जेवण संध्याकाळी सहाला होत असेल आणि तू साडेआठला पानं घेत असशील. माझं मत विचारशील तर डबा. दोन पदार्थ, तिखट बेताचं. पाच पदार्थ केलेस तर बिचाऱ्यांना तुझी परतफेड कशी करायची याचा घोर लागेल. भात दिलास तर लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवून मग दे. बाहेर तासन्‌तास राहिलेल्या भातात जे विष तयार होतं, ते पुन्हा गरम केल्याने जात नाही.

बाकीचे प्रश्न. मुलगा मराठीत उत्तर देत नाही: तू मराठीतच विचारत राहा. नवरा चिडचिडा झालाय: पाय त्याचा मोडला होता, थोडं सोस. सासूबाईंना काय सांगू: पुरणपोळी होळीला करते म्हण.

हं, डब्याचं एक राहिलंच. झाकणावर चिठ्ठी लाव, त्यात घातलेला जिन्नस न् जिन्नस लिहून. समोरच्या गृहस्थांना मी पुढच्या रविवारी बटाट्याची भाजी आणि पोळ्या दिल्या, अशीच चिठ्ठी चिकटवून. दाण्याचा कण नव्हता, कढईसुद्धा दोनदा घासली. तीन दिवसांनी डबा परत आला, लख्ख घासलेला. आत माझीच चिठ्ठी होती. सातव्या ओळीतल्या 'हिंग'भोवती पेनने गोल केलेला आणि शेजारी लिहिलेलं, "हे काय आहे? अजून मिळेल का?"