हेल्पलाइनला गावाची साथ कशी द्यायची? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकाची चौकट छापली होती. त्यानंतर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत.

आमचं गणेश मंडळ यंदा शेतकरी आत्महत्येवर जिवंत देखावा करणार आहे. शेवटी हेल्पलाइनचा नंबर दाखवू. आणखी काय करावं?
– कार्यकर्ता, तासगाव तालुका

विषय जरूर घ्या, पण शेवटचा प्रसंग रंगमंचावर आणू नका. गर्दीत एखादा माणूस आधीच त्या विचाराशी झुंजत असतो. जीव कसा गेला हे दाखवलं की त्याला तो मार्ग दाखवल्यासारखं होतं. प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये वृत्तपत्रांसाठी स्वीकारलेली मार्गदर्शक तत्त्वंही पद्धतीचं वर्णन टाळायला सांगतात. तोच नियम देखाव्याला लावा आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपलाही.

दुसरी चूक एकच कारण दाखवण्याची. ‘कर्ज झालं म्हणून जीव दिला’ असं दाखवलं की सोसायटीची थकबाकी असलेला प्रत्येक जण आपलाही शेवट हाच, असं समजू लागतो. खरं तर बाग वाया जाणं, कर्ज, दारू, रात्ररात्र झोप नसणं, कुणाला न सांगितलेलं नैराश्य यांचा गुंता झालेला असतो. मृत्यूनंतर फोटोला हार आणि घरच्यांना मदतीचा धनादेश, हा शेवट तर अजिबात नको.

देखावा असा बांधा. माणूस गप्प झालाय, दूध घालायलाही येत नाही, हे मित्राच्या लक्षात येतं. तो बाजूला घेऊन विचारतो, फोन लावून देतो, दुसऱ्या दिवशी सोबत सिव्हिलला जातो, मग बँकेत कर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज भरायलाही बसतो. वाचलेला माणूस लोकांना दिसू द्या.

फ्लेक्सवर क्रमांक सर्वांत मोठा हवा. त्याखाली एवढंच लिहा: ‘टेली मानस. मोफत, २४ तास, मराठीत बोला.’ शुभेच्छुकांचे फोटो या फ्लेक्सवर नकोतच. उत्सव संपला की फ्लेक्स उतरतो, म्हणून छोटे स्टिकर वर्षभरासाठी लावा: दूध संकलन केंद्र, कारखान्याचा वजनकाटा, एसटी स्टँड, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका. सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलेला स्टिकर फार उपयोगी पडतो, कारण तिथे कुणाच्या नजरेत न येता नंबर टिपता येतो.

१४४१६ ला फोन लावला की नेमकं काय होतं? नाव-गाव सांगावं लागतं का? पोलीस घरी येतात का?
– वाचक, सांगली

टेली मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. तिचं राष्ट्रीय पातळीवरचं काम बंगळुरूची निम्हान्स संस्था पाहते. मोबाइलवरून १४४१६ थेट लावा, आधी शून्य किंवा एसटीडी कोड नको. लागला नाही तर १८००-८९१-४४१६ हा दुसरा क्रमांक आहे. आधी ध्वनिमुद्रित सूचना येते, भाषा निवडायची, मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. बरेच जण ही सूचना ऐकूनच फोन ठेवतात. शेजारी कुणी असेल तर तेवढा वेळ त्याने फोन हातात धरावा. गरज वाटली तर समुपदेशक मानसोपचार तज्ज्ञांकडे जोडून देतात किंवा जिल्ह्यातल्या सरकारी सेवेकडे पाठवतात.

बोलणं गोपनीय राहतं आणि मन मोकळं केलं म्हणून पोलीस दारात येत नाहीत. मात्र जीव आत्ता, या क्षणी धोक्यात असेल, तर मदत पोहोचावी म्हणून ठावठिकाणा विचारतात. अशा वेळी तुम्ही जवळ असाल तर आधी १०८ किंवा ११२ लावा आणि माणसाला एकटं सोडू नका. हेल्पलाइनकडे रुग्णवाहिका नसते. काळजीत असलेल्या घरच्या माणसालाही १४४१६ ला स्वतःसाठी सल्ला मागता येतो.

निवृत्त शिक्षकांचा आमचा गट आहे. एक मोबाइल नंबर जाहीर करून गावासाठी हेल्पलाइन सुरू करायची इच्छा आहे.
– वाचक, कराड

इच्छा मोलाची आहे, पण नंबर जाहीर करू नका. हिशेब पाहा. आठवड्याचे १६८ तास. प्रत्येकाने आठवड्याला चार तास दिले, तरी एकच फोन चोवीस तास उचलायला ४२ माणसं लागतात, तीही कुणी आजारी न पडता. शिवाय प्रत्येकाला प्रशिक्षण, अवघड फोननंतर ज्याच्याशी बोलता येईल असा जाणकार आणि नोंदी गुप्त ठेवण्याची शिस्त हवी. रात्री दोनला फोन वाजला आणि कुणी उचलला नाही, तर समोरच्याचं ‘माझं कुणीच नाही’ हे मत पक्कं होतं. नंबर नसता तर ते घडलं नसतं.

तुमच्या गटाने फोनच्या अलीकडचं आणि पलीकडचं काम घ्यावं. ते आज फारसं कुणी करत नाही. अलीकडचं म्हणजे विचारणं. ‘जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही; उलट कुणीतरी ओळखलं म्हणून माणूस मोकळा होतो. ‘पोरांकडे बघ’, ‘एवढ्यातेवढ्यावरून असं करतात का’ ही वाक्यं टाळा, त्यांनी तो अपराधी होऊन गप्प बसतो. दहा मिनिटं ऐका, मग आपल्याच फोनवरून १४४१६ लावून द्या.

पलीकडचं काम म्हणजे सोबत. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी गाठायची, केसपेपर काढायचा, रांगेत थांबायचं. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. फरक नाही म्हणून आठवड्यात गोळ्या बंद करणारे पुष्कळ असतात. त्यांच्याकडे दर आठ दिवसांनी चक्कर मारणारा माणूस हवा.

घरातल्या एकाने तसा प्रयत्न केला, वाचला. दवाखान्यात ‘एमएलसी’ केली. आता केस होणार का? डॉक्टरांना चुकून झालं असं सांगितलं आहे.
– वाचक, माण तालुका

एमएलसी ही दवाखान्याने पोलिसांना कळवायची नोंद आहे, आरोप नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरतात, आणि त्याला उपचार व पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं ३०९ कलमच नाही. फक्त सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न आजही गुन्हा आहे.

डॉक्टरांना आजच खरं सांगा. ‘चुकून झालं’ असं लिहिलं गेलं की शरीरावर उपचार होतात आणि मानसोपचार तज्ज्ञांना बोलावलंच जात नाही. त्यांनी तपासल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका, आणि पुढची तारीख सात दिवसांच्या आतली मागा. घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जपायचे. भेटायला येणाऱ्यांना ‘का केलंस’ विचारू देऊ नका.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. मी काय करू शकतो?
– दुकानदार, वाळवा तालुका

पुष्कळ. त्या विचाराची तीव्र लाट बहुधा थोड्या वेळाची असते. तेवढ्यात घातक वस्तू हाताशी नसली तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते. श्रीलंकेने सर्वांत घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणात कमी झाल्या.

गरजेपुरतंच औषध द्या, पुढच्या फवारणीचं आत्ता नको. उरलेलं माळ्यावर किंवा पलंगाखाली नाही, कुलपाच्या लोखंडी पेटीत ठेवायला सांगा. घरात कुणी खचलेलं असेल तर किल्ली दुसऱ्याकडे, आणि औषध काही महिने भावकीत किंवा शेजाऱ्याकडे. पावतीच्या मागे १४४१६ चा शिक्का मारा. ओळखीचा गिऱ्हाईक हंगाम नसताना औषध मागू लागला, नजर चुकवत असला, तर त्याला बसवा, चहा सांगा, विचारा. आणि कामगारांना एक गोष्ट पाठ करून घ्या: कुणाच्या पोटात औषध गेलं तर मीठपाणी पाजून उलटी करवायची नाही, १०८ लावायचा आणि डबा लेबलसकट सोबत न्यायचा.